ब्रेन हॅमरेजला १४ महिने झाले, आता यापुढे मेंदू सुधारतो का?

तुळशीवृंदावन:

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरची, त्रिमूर्तीनगरात राहते. किती दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज हे झोपल्यावर बसलेच.

मागच्या वर्षी मे महिन्यात ह्यांना ब्रेन हॅमरेज झालं. वय ४७. बीपीची गोळी चालू होती पण बरं वाटते म्हणून दोन-तीन महिन्यांपासून स्वतःच बंद करून टाकली होती, मला पत्ताच नाही, न उघडलेली पाकिटं नंतर कपाटात सापडली. ऑफिसातून भर उन्हाचे आले, माठातलं पाणी दिलं तर ग्लास उजव्या हातातून सुटला आणि जीभ जड. नागपूरचा मे महिना, मला वाटलं ऊन लागलं. कांदा फोडून हुंगवला, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, आंब्याचं पन्हं करायला घेतलं, त्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास मला अजून झोपू देत नाही.

सीटीमध्ये डाव्या बाजूला मेंदूच्या आतल्या खोल भागात, थॅलॅमसमध्ये, रक्तस्राव निघाला आणि ते रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमध्येही उतरलेलं. डोक्यातून पाणी काढायला नळी टाकली होती ११ दिवस, त्यातले ९ दिवस व्हेंटिलेटर. आले तेव्हा जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचा आकडा, १५ पैकी ७ होता. तिथून जगले, घरी आले, फिजिओ झाली, आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. येणारा-जाणारा म्हणतो की काय मस्त रिकव्हरी आहे.

पण घरात मी पाहते ना. सकाळी उठून पलंगाच्या काठावर बसतात. ब्रश करा म्हटलं की करतात, नाही म्हटलं तर ११ वाजेपर्यंत तसेच. तहान लागली तरी पाणी मागत नाहीत, समोर तांब्या ठेवला तर पूर्ण पितात. रडत नाहीत, चिडत नाहीत, काही मागत नाहीत. पोरीचा दहावीचा रिझल्ट लागला, ८९ टक्के, तर "छान" म्हणाले आणि परत खिडकीकडे पाहत बसले. ती आत जाऊन खूप रडली.

आणि स्मरणशक्ती. हे एका सरकारी ऑफिसात अकाउंट्सला. डोकं चालू राहावं म्हणून मी जुन्या किराण्याची वही देते बेरजा करायला. बेरीज एकदम बरोबर, कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. पण पान उलटत नाहीत. तेच पान परत वरून सुरू. एका दुपारी मी मोजलं, तेच पान पाच वेळा केलं, पाचही वेळा ४,३१८, आणि दर वेळी खाली पेन्सिलीने लिहिलेलं स्वतःचंच उत्तर पाहून म्हणतात, "कोणीतरी आधीच करून ठेवलंय, बरोबर आहे."

मोठे दीर म्हणतात, वर्षात जे यायचं ते येते, आता आशा ठेवू नको. सासूबाईंना वाटते आळस भरला. डिस्चार्ज देताना हातापायाच्या व्यायामाचे कागद दिले, पण डोक्याचं असं काही राहू शकते हे त्या हॉस्पिटलात कोणीच बोललं नाही. ऑफिसातून दोनदा निरोप आला की व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन टाका. मला फक्त एवढं सांगा, ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, एक वर्षानंतर खरंच काही होत नाही का, आणि हे जे बसून राहणं आहे ते काय आहे?


फुटाळ्याकाठची:

ताई, मी स्वतः पेशंट आहे. २०१८ मध्ये मला सबअरॅक्नॉइड हॅमरेज झालं, म्हणजे मेंदूवरच्या रक्तवाहिनीला फुगा होता तो फुटला. मी शाळेत फळ्यावर लिहीत होते, डोक्यात आतून कोणी हातोडा मारावा तसं एका सेकंदात झालं. कॉइलिंग झालं, म्हणजे त्या फुग्यात बारीक तार भरून तो बंद केला. नंतर २१ दिवस निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी, रात्री १२ ला, पहाटे ४ ला, माझी आई उशाशी घड्याळ घेऊन बसायची.

पहिलं सांगते, वर्षाचं ते खोटं आहे. माझं वाचन तिसऱ्या वर्षी आलं. वाचता यायचं, पण पॅराग्राफच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात गेलेली असायची. आज पूर्ण पेपर वाचते. मात्र सगळं नाही आलं आणि ते येणार नाही हे मला कळलंय. दोन माणसं एकाच वेळी बोलली तर मला दोघांचंही कळत नाही. बर्डीवर गेले, सीताबर्डीच्या मेन रोडवर, तर अर्ध्या तासात डोकं असं जड होतं की घरी येऊन अंधारात पडावं लागते. हा थकवा झोपेने जात नाही. लोक म्हणतात आम्हालाही थकवा येतो बाई. तो हा नाही. हा असा की भाजीवाला २० रुपये परत देतो आणि ते घ्यायला हात पुढे करायचं लक्षातच येत नाही.

मी मुख्याध्यापक बाईंना सांगून दोन तासच शिकवायला घेतले, मग तीन, आता चार, मधल्या सुट्टीत लायब्ररीत एकटी बसते. गाडी सोडली, मेट्रोने जाते. मारबतीची मिरवणूक बघायला पोराला घेऊन गर्दीत उभी राहायचे, आता इतवारीत नणंदेच्या गच्चीवरून बघते आणि कानात कापूस घालते. मारबत बघते हे महत्त्वाचं.

तुमच्या मिस्टरांचं माझ्यापेक्षा वेगळं आहे, मला सगळं कळत होतं आणि त्याचाच त्रास व्हायचा. पण एक विनंती, त्यांना "आठवते का, आठवते का" असं दिवसभर विचारू नका. माझे घरचे विचारायचे, काल कोण आलं होतं सांग. ते प्रेमाने विचारायचे पण मला रोज परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं आणि मी गप्प राहायला शिकले. आणि तो पाऊण तास, ताई, तुम्ही डॉक्टर नव्हत्या. गोळी त्यांनी बंद केली होती.


वऱ्हाडी_माणूस:

आमच्या मामाले असंच झालं होतं. ब्राह्मी घृत आन मेंदूच्या ताकदीचे इंजेक्शन चालू केले, सिटिकोलीन म्हणते त्याले. फरक पडला बाप्पा. विचारून पहा डॉक्टरले.


ओटी_मनीषनगर:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत करायला शिकवणं हे माझं काम, १६ वर्षं झाली, त्यातली बरीच स्ट्रोकच्या पेशंटसोबत. फोटो-रिपोर्ट न बघता निदान सांगणार नाही पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नीट लिहिलंय की बरंच बोलता येईल.

थॅलॅमस म्हणजे मेंदूचं जंक्शन समजा. आपल्या स्टेशनजवळचं डायमंड क्रॉसिंग पाहिलंय ना, चारही दिशांच्या लाईन जिथे एकमेकींना कापतात, तसं. मेंदूच्या वरच्या भागात बेरीज-वजाबाकी, भाषा, ओळखी, हे सगळं साठलेलं जागेवर आहे, म्हणून बेरीज बरोबर येते. पण जंक्शनवरच अपघात झाला, तर गाड्या चांगल्या असूनही आऊटरवर उभ्या राहतात. सिग्नल मिळाला की निघतात. तुम्ही "ब्रश करा" म्हणता तो सिग्नल. तुमचे मिस्टर आळशी नाहीत, त्यांची सुरुवात करण्याची यंत्रणा दुखावली आहे. याला आम्ही अपथी म्हणतो. आळशी माणूस काम टाळतो, हे टाळत नाहीत, सांगितलं की लगेच करतात. सासूबाईंना हेच उदाहरण द्या.

हे डिप्रेशनपेक्षाही वेगळं आहे, जरी दोन्ही एकत्र असू शकतात. डिप्रेशनमध्ये माणसाला आतून यातना असतात, रडतो, मी ओझं झालो म्हणतो, झोप-भूक बिघडते. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टकडून तपासून घ्याच, पण नुसत्या अपथीवर डिप्रेशनच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, कधी कधी माणूस त्याने अजून सपाट होतो. फिटची गोळी चालू असेल, लेव्हेटिरासिटाम वगैरे, तर त्यानेही सुस्ती किंवा चिडचिड येऊ शकते. स्वतः बंद करू नका, विचारा. सोबत बी१२, थायरॉईड, सोडियम, आणि रात्री घोरणं जास्त असेल, मध्येच श्वास थांबत असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी. त्याने बीपीही चढतं आणि स्मरणशक्तीही जाते.

वर्षाचा प्रश्न. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत वेग जास्त असतो, हे खरं. रक्ताची गाठ विरघळते, सूज उतरते, दबलेल्या पेशी परत कामाला लागतात. हॅमरेजच्या पेशंटची तर सुरुवातच उशिरा होते. तो वेग ओसरला की लोकांना वाटतं संपलं. नंतर जे येतं ते हळू येतं आणि आपोआप येत नाही, सवयीने येतं. तेच काम, त्याच जागी, त्याच वेळी, शेकडो वेळा. मी खोटी आशा देत नाही, १४ महिन्यांनी नवीन गोष्ट लक्षात ठेवणं कमकुवत आहे तर ते कदाचित कमकुवतच राहील. पण लक्षात न ठेवताही माणूस काम करू शकतो, कारण हाताची सवय वेगळ्या रस्त्याने साठते.

म्हणून पहिली गोष्ट, फुटाळ्याकाठच्या ताई म्हणाल्या तीच, प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नका. ज्याची आठवण कच्ची आहे त्याने अंदाजाने चुकीचं उत्तर दिलं की ती चूकच पक्की होते. उत्तर आधी द्या. "आज मंगळवार, फिजिओवाल्या मॅडम येणार" असं सांगून टाका, मग थोड्या वेळाने "मंगळवारी कोण येतात?" आणि त्यांना जमलं की अंतर वाढवा, दोन मिनिटं, पाच, पंधरा.

दुसरी, तुमच्या जागी सिग्नल म्हणून वस्तू ठेवा. पलंगाशेजारी पेस्ट लावून ठेवलेला ब्रश आणि पाण्याचा ग्लास. फोनवर ७ चा अलार्म, त्यात तुमच्याच आवाजात "उठून ब्रश". सुरुवातीला अलार्म वाजताना तुम्ही सोबत उभ्या राहा, मग दारात, मग स्वयंपाकघरात. तुम्ही महिना-दीड महिन्यात मागे मागे सरकायचं.

तिसरी, ती वही. मला ती फार मोलाची वाटली. त्यांना बेरीज येते पण "झालं" हे साठत नाही. तर "झालं" कागदावर दिसू दे. पान पूर्ण झालं की त्यांनीच लाल पेनाने टिक मारून सही करायची, तारीख टाकायची, आणि त्या पानाला क्लिप लावायची म्हणजे ते पान उघडणारच नाही. ऑफिसात इतकी वर्षं टिक आणि सही केलेला हात आहे तो.

मोबाईलवरचे ब्रेन गेम मुलं लावून देतात, त्यात माणूस त्या गेममध्ये हुशार होतो, घरातल्या कामात त्याचा उपयोग फारसा होत नाही. त्यापेक्षा चालणं वाढवा. आणि वऱ्हाडी भाऊ, राग मानू नका, सिटिकोलीनची मोठी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, रक्त अडकून झालेल्या लकव्यावर, त्यात फायदा दिसला नाही. मामांना बरं वाटलं त्याचा आनंदच आहे, पण ताईंचे पैसे थेरपीला लागू देत. आणि कोणतंही घृत-चूर्ण बीपीच्या गोळ्यांसोबत न विचारता नको.

शेवटचं, बीपी. दुसरं हॅमरेज टाळणं हीच सगळ्यात मोठी थेरपी. १३०/८० च्या खाली ठेवायचं असं धरतात, तुमचे डॉक्टर त्यांचा आकडा सांगतील. घरी दंडावर बांधायचं मशीन घ्या, वहीत लिहा. आणि लोणचं, पापड, सांडगे, कुरडया, तर्रीचं मीठ, यांच्यावर हात आखडा.


सक्करदऱ्याचा:

ताई मी सगळं वाचलं आणि एका गोष्टीवर अडकलो. तुम्ही म्हणाल्या पोकळ्यांमध्ये रक्त उतरलं होतं आणि नळी टाकली होती. माझ्या बाबांचं अगदी हेच. बाबा ७ व्या महिन्यापर्यंत छान सुधरून राहिले होते, अंगणात खुर्ची टाकून शेजाऱ्यांशी गोष्टी करत होते. मग हळूहळू कमी. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, छोटी छोटी पावलं, वळताना अडखळायचे. लघवी कपड्यात व्हायला लागली. बोलणं कमी, नुसतं पाहून राहायचे. आम्ही म्हटलं वय आहे, आजार आहे, एवढंच यायचं होतं. तीन महिने असेच घालवले आम्ही.

मग फॉलोअपला डॉक्टरांनी चालताना पाहिलं आणि तिथल्या तिथे सीटी सांगितला. मेंदूत पाणी साचलं होतं, हायड्रोसेफॅलस. रक्ताने पाण्याचा निचरा बिघडतो आणि ते कधी कधी महिन्यांनी समजते. शंट टाकला, डोक्यातून कातडीखालून पोटात नळी. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत बाबा स्वतः बाथरूमले गेले, काठी विसरून गेले, आईने मागून काठी नेऊन दिली.

तुमच्या मिस्टरांना हेच आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही विचार करून सांगा, हे बसून राहणं पहिल्यापासून असंच आहे की मध्ये बरं होऊन परत कमी झालं? चालण्यात, लघवीत फरक? जे आलं होतं ते परत जाऊन राहिलं असेल तर थांबू नका.


तुळशीवृंदावन:

तुमचा मेसेज वाचून रात्रभर विचार केला. दिवाळीच्या सुमारास ते स्वतः टीव्ही लावायचे, हे मला आता आठवलं. बातम्या लावायचे. कधी बंद झालं ते सांगता येत नाही. लघवी ठीक आहे, पण रात्री दोनदा कपड्यात झाली होती मागच्या महिन्यात, मी उन्हाळ्यात पाणी जास्त झालं म्हणून सोडून दिलं. अपॉइंटमेंट घेते.

व्हीआरएसचं कोणाला माहिती आहे का? घरात पगार त्यांचाच आहे.


पेन्शनर_महाल:

ताई, मी आस्थापना शाखेत ३१ वर्षं काढली. व्हीआरएसच्या कागदावर सही करू देऊ नका, निदान आत्ता तर नाहीच. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०, उपकलम ४ वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही आणता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तसं पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं. ही मेहरबानी नाही, कायदा आहे. १९९५ च्या कायद्यातही ही तरतूद होती.

आधी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज करा, मग सरकारी रुग्णालयाचं मेडिकल बोर्ड तपासेल. जाताना फक्त हातापायाचे कागद नेऊ नका, स्मरणशक्तीची तपासणी केलेला रिपोर्टही न्या, कारण काठी दिसते पण हे दिसत नाही. ४० टक्के किंवा वर आलं की बहुतेक सवलती लागू होतात. इन्कम टॅक्समध्ये जुनी करपद्धत निवडली तर ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. ऑफिसशी तोंडी बोलू नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.


तुळशीवृंदावन:

सगळ्यांना उत्तर द्यायला दहा दिवस लागले, माफ करा.

अर्ज टाइप करून देऊन आले, शिक्का घेतला. सासूबाईंना डायमंड क्रॉसिंगचं समजावलं, त्यांचे वडील रेल्वेत होते, त्यांना एका वाक्यात समजलं. आता त्या स्वतः ब्रश भरून ठेवतात आणि आल्या-गेल्याला सांगतात की गाडी चांगली आहे, आऊटरवर उभी आहे.

"आठवते का" बंद केलं. फार कठीण आहे हो, तोंडातून निघूनच जाते. पोरगी माझ्याकडे डोळे करते मग मी जीभ चावते. अलार्मला पहिले चार दिवस नुसते फोनकडे पाहायचे. पाचव्या दिवशी मी दारात उभी होते तर ब्रश उचलला. सातव्या दिवशी परत नाही. काल उचलला.

वहीचं मात्र सांगायचंच आहे. स्टेशनरीच्या दुकानातून लाल पेन आणि मोठ्या काळ्या क्लिपा आणल्या. पहिलं पान, ४,३१८, मी म्हटलं टिक मारा, सही करा. त्यांनी टिक मारली, आणि सही... १४ महिन्यांत मी त्यांची सही पाहिली नव्हती, उजवा हात थरथरतो, पण शेवटची ती आडवी रेघ आणि खाली दोन टिंबं, तशीच. क्लिप लावली. थोडा वेळ क्लिपेला बोटाने दाबून पाहिलं आणि पुढचं पान घेतलं. त्या दुपारी तीन पानं झाली, तीन वेगळी.

काल वही संपली. मी मागे ओट्याशी पोळ्या करत होते. काठीचा आवाज आला, वळून पाहिलं तर दारात उभे, हातात वही, म्हणाले, "दुसरं रजिस्टर दे." मी बोलावलं नव्हतं. पोळी करपली.

दुसरं रजिस्टर नव्हतं घरात, पोरीने तिची गणिताची जुनी वही दिली.

गुरुवारी सीटी आहे. रिपोर्ट आला की इथे टाकते.